विद्यार्थ्यांच्या कामगिरीवर परिणाम करणारे २३ घटक, मत देणारे १२ जण: क्रमवारी कशी लावून घ्यावी?

कोरा_कागद (मूळ प्रश्न)

विद्यार्थ्यांच्या कामगिरीवर परिणाम करणाऱ्या घटकांची क्रमवारी एका गटाकडून लावून घ्यायची आहे. गटात १२ जण आहेत: ७ शिक्षक, २ विद्यार्थी, २ पालक आणि १ समुपदेशक. यादीत २३ घटक आहेत. हजेरी, पूर्वज्ञान, अभ्यासाच्या सवयी, वेळेचं नियोजन, स्वयंशिस्त, शिकवण्याची पद्धत, वर्गाची पटसंख्या, पालकांचं शिक्षण, घरचं उत्पन्न, झोप, मोबाइल, परीक्षेची भीती वगैरे. पहिल्या फेरीत प्रत्येक घटकाला १ ते ५ गुण द्यायला सांगितलं, तर सगळ्या सरासऱ्या ४.१ ते ४.६ च्या मधेच आल्या. हाती काही लागलं नाही.

अशा कामाच्या पद्धती म्हणून एएचपी, डेल्फी (नाव गुप्त ठेवून अनेक फेऱ्यांत मतं मागवणं), नॉमिनल ग्रुप टेक्निक, बेस्ट-वर्स्ट, डीमॅटेल एवढी नावं वाचून झाली आहेत. दीड-दीड तासाच्या दोन बैठका मिळतील, त्याहून जास्त नाही. यातलं काय घ्यावं? आणि ‘गटाचं एकमत झालं’ हे कशावरून म्हणायचं?

तळटीप

पद्धतीचं नंतर बघू, आधी पहिली फेरी का फसली ते बघा. १२ जणांनी ५ पैकी गुण दिले की एका घटकाची बेरीज जास्तीत जास्त ६० होते. सरासरी ४.१ ते ४.६ म्हणजे बेरीज ४९ ते ५५. म्हणजे आकडे फक्त सात. २३ घटक सात पायऱ्यांवर बसवायचे तर दाटी होणारच. शिवाय एका पायरीचं अंतर म्हणजे कुणीतरी एकानं एका ठिकाणी ४ ऐवजी ५ वर केलेली खूण, बस. घटक सुटासुटा विचारला की ‘हेही महत्त्वाचंच’ म्हणायला कुणाचं काही जात नाही. एकाला वर चढवायचं तर दुसऱ्याला खाली उतरवावंच लागेल, अशी सक्ती पद्धतीतच हवी.

दुसरी गोष्ट यादीची, आणि माझ्या मते खरा घोळ तिथेच आहे. ‘अभ्यासाच्या सवयी’, ‘वेळेचं नियोजन’ आणि ‘स्वयंशिस्त’ हे तीन घटक की एकाचेच तीन तुकडे? ‘पहिला क्रमांक कुणाला’ असं विचारलंत तर या तिघांत मतं फुटतील आणि तिघंही खाली जातील. पाच निवडायला सांगितलंत तर काही जण पाचपैकी तीन जागा यांनाच देऊन टाकतील. घटक किती महत्त्वाचा आहे यापेक्षा तो तुम्ही किती ठिकाणी कापलात, यावरच निकाल ठरेल. तसंच ‘मोबाइल’ हा घटकच नाही, ती वस्तू आहे. ‘अभ्यासाच्या वेळेत मोबाइलमुळे होणारा व्यत्यय’ असं लिहिलं तर बाराही जण एकाच गोष्टीवर मत देतील. प्रत्येक घटकाला एका ओळीची व्याख्या द्या. दोन व्याख्या एकमेकींच्या जागी ठेवून चालत असतील तर ते घटक एकत्र करा.

तिसरं, प्रश्नाचे शब्द. ‘महत्त्वाचा घटक कोणता’ हा प्रश्न अर्धवट आहे. कोणत्या इयत्तेचे विद्यार्थी, कामगिरी म्हणजे काय (वार्षिक गुण, उत्तीर्ण होणं, की आधीच्या परीक्षेपेक्षा झालेली वाढ) आणि किती काळात, हे तिन्ही प्रश्नाच्या वाक्यातच यायला हवं. नापास होणाऱ्यांना जे मागे खेचतं तेच ८० टक्क्यांवाल्याला ९० वर जाण्यापासून अडवत असेल, असं नाही.

एवढं झालं की नॉमिनल ग्रुप टेक्निक. डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन यांनी १९७१ मध्ये मांडलेली ही पद्धत छाटणीसाठी अजूनही उत्तम आहे:

१. प्रश्न फळ्यावर लिहायचा. १० मिनिटं सगळ्यांनी न बोलता आपापले घटक कागदावर लिहायचे.
२. आळीपाळीनं प्रत्येकानं एकच घटक सांगायचा. फेऱ्या चालू ठेवायच्या आणि सगळं फळ्यावर लिहायचं.
३. प्रत्येक घटकाचा अर्थ स्पष्ट करायचा. इथे वाद घालायचा नाही, फक्त ‘याचा अर्थ काय’ एवढंच.
४. प्रत्येकानं गुपचूप पाच घटक निवडून त्यांना ५ ते १ गुण द्यायचे आणि बेरीज करायची.

तुमची यादी तयार असल्यामुळे पहिली पायरी गाळावीशी वाटेल. गाळू नका. कोरा कागद दिला की लोकांच्या मनात आपसूक काय येतं ते कळतं, छापील यादीवर नुसत्या खुणा होतात.

बेरजेच्या शेजारी ‘किती जणांनी निवडला’ हा रकाना हवाच. १५ गुण तिघांनी ५-५ देऊनही होतात आणि पाच जणांनी ३-३ देऊनही. पहिल्यात तिघांचा हट्ट असतो, दुसऱ्यात बऱ्याच जणांची सौम्य संमती.

आणि तुमच्या गटापुरतं एक पथ्य पाळा: विद्यार्थी शिक्षकांसमोर ‘शिकवण्याची पद्धत’ मोठ्यानं म्हणणार नाहीत, पालकांसमोर ‘घरची भांडणं’ म्हणणार नाहीत. दुसऱ्या पायरीला चिठ्ठ्या गोळा करा, पिसा आणि बैठक चालवणाऱ्यानं वाचून दाखवा.

सारणी

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण नॉमिनल ग्रुपमधून फक्त क्रम मिळतो. पहिला दुसऱ्याच्या किती पट, हे त्यातून कळत नाही. वजनं हवी असतील तर जोडीजोडीनं तुलना करावी लागेल.

थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात आणलेली एएचपी त्यासाठीच आहे. दोन घटक घ्यायचे आणि कोणता किती पट महत्त्वाचा ते १ ते ९ मध्ये सांगायचं (१ म्हणजे सारखे, ९ म्हणजे टोकाचा फरक, उलट बाजूला १/९). अडचण जोड्यांच्या संख्येची. २३ घटकांच्या २५३ जोड्या होतात. शंभरीनंतर माणूस विचार करायचं सोडून देतो आणि सगळीकडे ३ लिहीत सुटतो. म्हणून उतरंड करायची. घटकांचे पाच गट, त्यातल्या तिघांत पाच-पाच आणि दोघांत चार-चार घटक. गटांच्या १० जोड्या, आतल्या ३० अधिक १२, एकूण ५२. तरीही भरपूर आहेत, पण आवाक्यातल्या.

उतरंडीचा सापळा असा की गटाचं वजन आतल्या घटकांत वाटलं जातं. एका गटात दोन आणि दुसऱ्यात सहा घटक असतील, तर दोनवाल्यांना आयताच मोठा वाटा मिळतो. गट शक्यतो सारख्या आकाराचे ठेवा.

प्रत्येकाच्या तक्त्याची सुसंगती तपासा. पाच घटकांच्या तक्त्यात सर्वांत मोठं आयगेनमूल्य (तक्त्यातून निघणारा एक आकडा, उत्तरं पूर्ण सुसंगत असतील तर तो घटकांच्या संख्येएवढाच येतो) ५.३ आलं तर (५.३ − ५) ÷ ४ = ०.०७५. त्याला पाच घटकांच्या यादृच्छिक निर्देशांकानं (तक्ता वाटेल तसा भरला तर सरासरी येणारा आकडा), म्हणजे १.१२ नं भागलं की ०.०६७. ०.१० च्या आत आहे, चालेल. ५.६ आलं तर हेच गुणोत्तर ०.१३४ होतं आणि तक्ता त्या व्यक्तीकडे परत जातो. परत पाठवताना ‘चुकलंय’ म्हणायचं नाही. नेमकी कुठली तीन उत्तरं एकमेकांशी भांडतात ते दाखवायचं: पूर्वज्ञान हजेरीपेक्षा ३ पट, हजेरी झोपेपेक्षा ४ पट, आणि झोप पूर्वज्ञानापेक्षा २ पट, असं गोल फिरलेलं असतं. बहुतेक वेळा माणसाचं मत ठीक असतं, त्यानं फक्त स्केलच्या चुकीच्या बाजूला खूण केलेली असते.

आता सगळ्यांचे तक्ते एकत्र करणं. इथे साधी सरासरी घेतली की सगळं नासतं. एकजण म्हणतो हजेरी झोपेच्या ५ पट, दुसरा म्हणतो १/५ पट. साधी सरासरी (५ + ०.२) ÷ २ = २.६, म्हणजे हजेरी जास्त महत्त्वाची. आता तीच जोडी उलटी लिहा, झोप विरुद्ध हजेरी: पुन्हा २.६! दोघं एकाच वेळी एकमेकांपेक्षा २.६ पट महत्त्वाचे झाले. भूमितीय मध्य घेतला तर √(५ × ०.२) = १, म्हणजे बरोबरी, आणि तेच खरं आहे. स्प्रेडशीटमध्ये त्यासाठी जिओमीन हे फंक्शन तयारच असतं.

वेळ कमी असेल तर बेस्ट-वर्स्ट बघा. जाफर रेझाई यांची २०१५ ची पद्धत. आधी सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी महत्त्वाचा घटक निवडायचा. मग पहिल्याची बाकी सगळ्यांशी आणि बाकी सगळ्यांची शेवटच्याशी तुलना करायची. ‘न’ घटकांना २न − ३ तुलना पुरतात: ९ घटकांना १५, एएचपीत त्यालाच ३६. सुसंगती तोंडी हिशोबानंही दिसते. सर्वोत्तम हा सर्वांत खालच्याच्या ८ पट आणि ‘झोप’च्या २ पट असेल, तर झोप खालच्याच्या साधारण ४ पट यायला हवी. ७ लिहिलं असेल तर विचारा. यात सर्वोत्तम आणि सर्वांत खालचा प्रत्येकाचा वेगळा असतो, त्यामुळे तुलना एकत्र करता येत नाहीत. प्रत्येकाची वजनं स्वतंत्र काढायची आणि मग त्या वजनांची सरासरी घ्यायची.

उलटतपासणी

एकमताच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून लिहितो.

क्रमवाऱ्यांचं एकमत मोजायला केंडॉलचा डब्ल्यू वापरतात. ० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे सगळ्यांचा क्रम तंतोतंत सारखा. सूत्र: १२ × एस ÷ (म² × (न³ − न)). सुरुवातीचे १२ सूत्रातलेच, तुमच्या माणसांचे नव्हेत. ‘म’ माणसं, ‘न’ घटक, आणि ‘एस’ म्हणजे क्रमांकांच्या बेरजा त्यांच्या सरासरीपासून किती दूर आहेत त्याच्या वर्गांची बेरीज. उदाहरण घेऊ. चार जण, पाच घटक, १ म्हणजे सर्वांत महत्त्वाचा:

पूर्वज्ञान: १, २, १, ५ (बेरीज ९)
हजेरी: २, १, ३, ४ (बेरीज १०)
शिकवण्याची पद्धत: ३, ३, २, ३ (बेरीज ११)
घरचं वातावरण: ४, ५, ४, २ (बेरीज १५)
झोप: ५, ४, ५, १ (बेरीज १५)

बेरजांची सरासरी १२. फरकांचे वर्ग ९ + ४ + १ + ९ + ९ = ३२. डब्ल्यू = ३८४ ÷ १९२० = ०.२०.

आता चौथ्या व्यक्तीला वगळून बघा. बेरजा ४, ६, ८, १३, १४. एस ७६ आणि डब्ल्यू ०.८४. थेट ०.२० वरून ०.८४! पण अंतिम यादी? दोन्ही वेळा पूर्वज्ञान, हजेरी, शिकवण्याची पद्धत, घरचं वातावरण, झोप. चौघं धरले तर शेवटच्या दोघांत बरोबरी होते, एवढाच फरक. म्हणजे नुसती यादी छापली असती तर एक माणूस संपूर्ण उलट्या बाजूला उभा आहे, हे कुणाला कळलंच नसतं. आणि ती चौथी व्यक्ती विद्यार्थी असेल तर तीच बैठकीतली सर्वांत कामाची माहिती आहे.

डब्ल्यू वाचतानाही एक खोच आहे. तो ऋण जात नाही, त्यामुळे माणसं कमी असली की उगाच बरा दिसतो. दोनच जण असतील तर ०.५ चा अर्थ दोघांच्या क्रमांत शून्य सहसंबंध. म्हणून (म × डब्ल्यू − १) ÷ (म − १) हे काढा, ती सगळ्या जोड्यांच्या स्पिअरमन सहसंबंधाची (दोन क्रम किती जुळतात ते −१ ते १ मध्ये सांगणारा आकडा) सरासरी असते. वरच्या चौघांची ती −०.०७ येते, तिघांची ०.७७. साधारण ०.७ च्या पुढचा डब्ल्यू ठीकठाक एकमत मानतात, पण तो उंबरठा मतदानाच्या आधी लिहून ठेवा. नाहीतर जो आकडा येईल तोच ‘पुरेसा’ ठरतो. आणि समान क्रमांक दिले असतील तर बरोबरीची दुरुस्ती लावा, नाहीतर डब्ल्यू खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो.

तुमच्यासाठी: सगळ्या १२ जणांचा एकच डब्ल्यू काढू नका. शिक्षकांचा वेगळा, बाकीच्यांचा वेगळा. बारा जणांची साधी सरासरी म्हणजे सात शिक्षकांचं मत, त्यावर इतरांचा शिडकावा. शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि समुपदेशक यांची वेगवेगळी सरासरी काढून मग त्या सरासऱ्यांची सरासरी घ्यायची की नाही, हेही आधीच ठरवा. तसं केलंत तर एकट्या समुपदेशकाचं वजन सात शिक्षकांएवढं होईल, तेही नीट बघा. आणि दोन विद्यार्थी म्हणजे ‘विद्यार्थ्यांचं मत’ नव्हे, ते दोन विद्यार्थी. जमलं तर आठ-दहा तरी करा.

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. डब्ल्यूचं उदाहरण बघून पहिली फेरी रद्दच केली. दोन शंका:

१. मतदान झाल्यावर तळाचे घटक काढून टाकून उरलेल्यांचा क्रम तसाच ठेवला तर चालेल ना?
२. ‘प्रेरणा’ हा घटक सगळेच वर ठेवणार हे दिसतंय. पण प्रेरणा कारण आहे की परिणाम?

तळटीप

पहिल्याचं उत्तर: नाही. पाच जण आणि तीन घटक घ्या. तिघांचा क्रम हजेरी, पूर्वज्ञान, झोप. दोघांचा पूर्वज्ञान, झोप, हजेरी. बोर्दाचे २-१-० गुण (पहिल्याला २, दुसऱ्याला १, तिसऱ्याला ०) दिले तर हजेरी ६, पूर्वज्ञान ७, झोप २. पूर्वज्ञान पहिलं. आता तळाची झोप काढा आणि पुन्हा मोजा: हजेरी ३, पूर्वज्ञान २. तळाचा घटक गेला आणि वरचे दोघं उलटले! बोर्दानं ही गुणपद्धत १७७० मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली, आणि कॉन्दोर्सेनं १७८५ मध्ये समोरासमोरच्या लढतींचा हिशोब मांडला. त्या दोन हिशोबांचं भांडण तेव्हापासून चालू आहे. तुम्हाला करायचं एवढंच: छाटणी मतदानाच्या आधी करा. नंतर करावीच लागली तर उरलेल्या घटकांवर नव्यानं मतदान घ्या.

मध्यमान

‘प्रेरणा’साठी डीमॅटेल. जिनिव्हातल्या बॅटेल संस्थेत १९७० च्या दशकात तयार झालेली पद्धत आहे. यात ‘कोण जास्त महत्त्वाचं’ हा प्रश्नच नसतो. ‘अ चा ब वर थेट परिणाम किती’ असं ० ते ४ मध्ये विचारतात. दोन्ही दिशा स्वतंत्र विचारायच्या, म्हणून ८ घटकांना ५६ उत्तरं लागतात. ८-९ च्या वर जाऊच नका.

सगळ्यांच्या उत्तरांची साधी सरासरी घ्या (इथे ती चालते, कारण हे पट नाहीत). तक्त्याला सर्वांत मोठ्या ओळबेरजेनं भागा. या तक्त्याला ‘ड’ म्हणू. मग एकूण परिणाम = ड × (एकक − ड) चा व्यस्त. एकक म्हणजे कर्णावर १ आणि बाकी सगळीकडे ० असलेला तक्ता. स्प्रेडशीटमध्ये एमइन्व्हर्स आणि एममल्ट या दोन फंक्शनांत होतं. शेवटी प्रत्येक घटकाची ओळबेरीज (तो इतरांवर किती परिणाम करतो) आणि स्तंभबेरीज (त्याच्यावर किती परिणाम होतो) काढा. दोन्हींची बेरीज म्हणजे तो या जाळ्यात किती गुंतलाय, आणि वजाबाकी (ओळबेरीज वजा स्तंभबेरीज) म्हणजे त्याची दिशा. प्रेरणेची बेरीज मोठी आणि वजाबाकी ऋण आली, तर गटाच्या मते ती बरीचशी परिणाम आहे. थेट ‘प्रेरणा वाढवू’ म्हणून उपयोग नाही, तिला ढकलणारे घटक शोधावे लागतील.

लोक इथे हमखास एक चूक करतात. ‘घरचं उत्पन्न → गुण’ याला ४ देतात, आणि ‘उत्पन्न → अभ्यासाला स्वतंत्र जागा’, ‘जागा → गुण’ यांनाही ४-४. पहिला परिणाम जर जागेमार्फतच होत असेल, तर तो दोनदा मोजला गेला. अप्रत्यक्ष परिणाम गणित आपोआप जोडतं, म्हणून प्रश्नात ‘थेट’ हा शब्द ठळक छापा आणि एक सोडवलेलं उदाहरण द्या.

आणि यातली कुठलीही पद्धत खरं कारण शोधत नाही. बारा जणांना काय वाटतं याचा तो नीटस नकाशा आहे. हजेरीचा गुणांवर किती परिणाम होतो ते हजेरीपत्रक आणि गुणपत्रक शेजारी ठेवून बघावं लागतं. गटाच्या क्रमवारीचा उपयोग, आधी कुठली आकडेवारी तपासायची ते ठरवण्यापुरता.

सारणी

दोन बैठकांत बसवायचं तर मी असं मांडेन.

बैठकीआधी: व्याख्यांचा एक पानी कागद सगळ्यांना पाठवा, एकाच अर्थाचे घटक एकत्र करा. २३ चे साधारण १५-१६ होतील.

पहिली बैठक: प्रश्न आणि व्याख्या १० मिनिटं, मूक लेखन १०, चिठ्ठ्या वाचणं आणि अर्थ स्पष्ट करणं ४०, गुप्त मतदान १०, बेरजा दाखवून ९ घटकांवर येणं २०. बारा जणांचं एकच टेबल जड जातं, सहा-सहांची दोन करा, पण एका टेबलावर सगळे शिक्षकच नकोत.

मधला आठवडा: प्रत्येकानं एकट्यानं बेस्ट-वर्स्टच्या १५ तुलना भराव्यात. डेल्फीसारखी गुप्तता इथे फुकटात मिळते. जे फॉर्म भरणार नाहीत त्यांची नोंद ठेवा. नाराज माणसं गळाली की एकमत आपोआप वाढलेलं दिसतं, आणि अनेक फेऱ्यांच्या डेल्फीतला हाच मोठा धोका आहे.

दुसरी बैठक: सरासरी क्रम आधी दाखवू नका, सगळे त्याच्याकडे सरकतात. आधी प्रत्येक घटकाला मिळालेली सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान वजनं नावाशिवाय दाखवा. ज्या तीन घटकांत अंतर सर्वांत जास्त, फक्त त्यांवरच बोला. दोन्ही टोकांची कारणं लिहून घ्या आणि मग पुन्हा गुप्तपणे वजनं भरून घ्या.

शेवटी एकेक माणूस वगळून बारा वेळा क्रम काढा. जे घटक दरवेळी जागा बदलतात त्यांना वेगवेगळे क्रमांक देऊ नका, ‘४ ते ६’ असं एकत्र लिहा. आणि ‘गटाला किती महत्त्वाचा वाटतो’ याच्या शेजारी ‘शाळेच्या हातात किती आहे’ हा वेगळा रकाना करा. दोन्हींचा गुणाकार मात्र करू नका. घरचं उत्पन्न पहिल्या रकान्यात वर आणि दुसऱ्यात तळाला असेल, तर ते तसंच दिसू द्या.